उन्हाळा, विजेचे बिल आणि आपली गृहस्थी

(मंडळाच्या बुद्धजयंती कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैशाख पौर्णिमेच्या पवित्र दिवशी धम्मावर बोलायचे सोडून आम्ही विजेच्या बिलावर काय बोलणार, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेतल्या काउंटरवरची. विजेचे शास्त्र आम्ही शिकलेलो नाही. हिशोब मात्र रोज करतो. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते एका गृहस्थाने आपल्या घरी मांडलेल्या हिशोबापलीकडे काही नाही.

आणि हा विषय आपल्या परंपरेला परका आहे असेही नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. १९४३ मध्ये सार्वजनिक बांधकामे व विद्युतशक्ती यासंबंधीच्या धोरण समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. देशाला स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्य हटणार नाही, ही भूमिका त्यांनी तेथे मांडली. संविधानाचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना वंदन करतो, पण आपल्या घरातल्या दिव्याचाही त्यांनी विचार केला होता हे आपल्या मुलांना सांगायला आपण विसरतो.

आता नागपूरच्या उन्हाळ्याकडे वळू. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. नवतपा लागला की भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. अशा वेळी कूलर ही चैनीची वस्तू राहत नाही. तरीही बिल हातात आले की प्रत्येक घरात एकच वाक्य ऐकू येते, "बंद करा रे तो कूलर!"

हे वाक्य आम्हीही बोललो होतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलचे बिल आले तेव्हा जेवणाच्या ताटावर बसून आम्ही ते मोठ्याने वाचले, आणि घरात कोणाला कशाची काळजी नाही असे सर्वांना सुनावले. मातोश्री तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पुढे मे महिन्यात एके दिवशी संध्याकाळी आम्ही बँकेतून घरी आलो, तर आतल्या खोलीत त्या जमिनीवर पडलेल्या. अंग तव्यासारखे तापलेले, घामाचा टिपूस नाही, बोलणे असंबद्ध. ओल्या चादरीत गुंडाळून त्यांना दवाखान्यात नेले. उष्माघात होता. आणखी तासभर उशीर झाला असता तर काय झाले असते याचा विचार आजही करवत नाही. चार दिवसांनी त्या शुद्धीवर नीट बोलू लागल्या, तेव्हा कूलर का बंद होता असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "तुवंच तं म्हटलं होतं, बिल लय आलं. मंग मी एकटीसाठी कूलर कायले चालू ठेवू?"

बंधूंनो आणि भगिनींनो, त्या रात्री आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या कूलरवर सुमारे दोनशे वॉट लिहिलेले आहे. हजार वॉटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट होते. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, म्हणजे सहा तास कूलर चालला असता तर बाराशे वॉट-तास, अर्थात १.२ युनिट वीज लागली असती. दोन-तीन कप चहाच्या किमतीची! तेवढ्यासाठी आम्ही आई गमावून बसलो असतो. आणि त्याच घरात त्याच दिवशी बाहेरच्या खोलीत कोणी नसताना पंखा फिरत होता, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स दिवसभर चालू होता आणि फ्रिजच्या दाराचे रबर सैल झाल्याने फ्रिज अखंड धडधडत होता.

म्हणून आम्ही आज एकच गोष्ट सांगायला उभे आहोत. बचत वाया जाणाऱ्या विजेत करायची असते, माणसाच्या गारव्यात नाही. आणि वाया काय जाते हे कळायचे तर आधी बिल वाचता आले पाहिजे.

आपल्याकडे बिलाची रक्कम पाहिली जाते, बिल वाचले जात नाही. घरगुती वापराच्या दराला पायऱ्या आहेत. १ ते १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. प्रत्येक पायरीवर दर चढत जातो. कित्येकांचा समज असा की ३०० च्या वर एक युनिट गेले की सगळ्याच युनिटांना मोठा दर लागतो. तसे नाही. वरच्या पायरीत जेवढी युनिटे गेली तेवढ्यांनाच वरचा दर लागतो. याचा उलटा अर्थ ध्यानात घ्या. आपण वाचवलेले पहिले युनिट हे नेहमी सर्वांत महाग युनिट असते. ३४० युनिटांच्या घराने ४० वाचवली तर ती सगळी महागडी ४० असतात. त्यावरचा वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्कही वाचते. शिवाय सुरक्षा ठेव वर्षभराच्या सरासरी वापरावरून ठरते. उन्हाळ्यात वापर वाढला तर पुढे वाढीव ठेवीचे बिलही येते. आमच्या भाषेत सांगायचे तर हे दुहेरी व्याज आहे.

आता वाया कोठे जाते ते पाहू. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉटचा असतो. दिवसाला सोळा तास चालला तर महिन्याला ३६ युनिटे होतात. आता बीएलडीसी मोटारीचे पंखे मिळतात, ते सुमारे ३० वॉटमध्ये तेवढाच वारा देतात. महिन्याला साडेचौदा युनिटे. किंमत जास्त आहे हे खरे. म्हणून सगळे पंखे एकदम बदलू नका, जो सर्वांत जास्त चालतो तो आधी बदला. जुना डब्यासारखा रेग्युलेटर असेल तर तो पंखा हळू करतो, पण उरलेली वीज स्वतः तापून संपवतो. तो बदलायला थोडकेच पैसे लागतात. पंखा हळू फिरू लागला तर नवा घेण्याआधी कपॅसिटर बदलून पाहा.

फ्रिजच्या दारात दहाची नोट ठेवून दार लावा. नोट सहज ओढता आली तर रबर गेले असे समजा. फ्रिज भिंतीला चिकटवू नका, मागे हवा खेळली पाहिजे. ऊन पाणी आणि गरम भाजी आत ठेवू नका. पिण्याच्या पाण्याला माठासारखा स्वस्त आणि गोड उपाय नाही.

कूलरबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या विदर्भात घरोघरी तोच आहे. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. कोरड्या हवेत तो उत्तम काम करतो, मात्र ओली झालेली हवा बाहेर जायला वाट लागते. कित्येक घरांत एसीप्रमाणे सगळी दारे-खिडक्या बंद करून कूलर लावतात, मग दमट होते आणि कूलर नीट चालत नाही म्हणून तक्रार करतात. समोरची एक खिडकी उघडी ठेवा. ताट्या दरवर्षी बदला. क्षारांनी भरलेल्या ताटीतून हवा जात नाही. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, नाही तर डेंग्यूचे डास आपल्याच घरात पोसले जातात.

आणि हात जोडून विनंती आहे, कूलरला अर्थिंग असल्याशिवाय तो चालवू नका. पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढा. ओल्या हाताने, अनवाणी पायाने कूलरला हात लावून दर उन्हाळ्यात माणसे जातात, त्यांत लहान मुले असतात. तेथे पैसे वाचवायचे नाहीत.

ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी १८ वर ठेवून चादर पांघरण्याऐवजी २४ किंवा २६ वर ठेवून पंखा चालू करावा. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

पण खरी बचत बटणाजवळ नाही, छतावर आहे. आपल्या वस्त्यांत टिनाची छपरे आणि उघडे स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडतो आणि कूलर त्याच्याशी झुंजत राहतो. मार्चअखेर छतावर पांढरा चुना मारला तर ऊन बरेचसे परत फिरते. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून ताटी, हिरवी जाळी किंवा जुनी चादर लावा. ऊन काचेतून आत आले की मग पडदा काय करणार? सकाळी नऊला खिडक्या झाका, रात्री उघडा. आपल्या आज्या हेच करीत होत्या.

जुन्या चादरीवरून विनयपिटकातील एक प्रसंग आठवतो. कोसंबीत राजा उदयनाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाने विचारले, एवढ्या चीवरांचे करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवरची बैठक, बैठकीची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडण्याची फडकी, आणि अखेर ती फडकी कुटून चिखलात मिसळून जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. लक्षात घ्या, या सगळ्यात एकाही भिक्खूला उघडे ठेवून बचत केलेली नाही. प्रत्येकाला चीवर मिळाले. वाया मात्र काहीच गेले नाही. आमच्या मते काटकसर याला म्हणतात.

एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. उन्हाळ्यात काही ठिकाणी तारेवर आकडे पडतात. गरिबी आम्हाला ठाऊक आहे, आम्ही त्याच वस्तीत वाढलो. परंतु पंचशीलातील दुसरे शील, अदिन्नादाना, आपण याच ठिकाणी रोज म्हणतो. न दिलेले घेणार नाही असा त्याचा अर्थ. २००३ च्या विद्युत कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार वीजचोरीला शिक्षा आहे, आणि त्या उघड्या तारेला आपले-परके कळत नाही. बिल थकले असेल तर हप्ते मागून घ्या. अर्ज लिहिता येत नसेल तर रविवारी आमच्याकडे या, आम्ही लिहून देऊ.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग स्वतःच्या उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. पहिला भाग उपभोगाचा आहे, हे आमच्यासारखे हिशोबी लोक विसरतात. म्हाताऱ्या माणसाला दुपारी मिळणारा थंड वारा त्या पहिल्या भागातला आहे. वाया जाणाऱ्या युनिटांतून जे पैसे सुटतील ते चौथ्या भागात टाका, मुलांच्या पुस्तकांना लावा.

विद्यार्थी मित्रांना आम्ही एक काम देतो. सुट्टीत आपापल्या घरातील प्रत्येक उपकरणावर लिहिलेले वॉट वहीत उतरवा, ते किती तास चालते ते लिहा, गुणाकार करून हजाराने भागा आणि महिन्याच्या बिलाशी ताडून पाहा. शेजारच्या घरी ज्यांना वाचता येत नाही त्यांचेही करून द्या. दुपारी एकटे राहणारे आजी-आजोबा कोण आहेत याची गल्लीवार यादी करा आणि दोन वाजता एकदा दार वाजवून या. चाळीस अंशांच्या वर नुसता पंखा गरम हवाच अंगावर टाकतो, म्हणून ओले फडके, पाणी आणि कूलर हवा. कोणी बरळू लागले, अंग तापून कोरडे पडले तर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओले करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आमच्या मातोश्री त्यानंतर आणखी काही उन्हाळे आमच्यात होत्या. बिल आले की आम्ही ते त्यांच्यासमोर वाचणे बंद केले. उलट दुपारी बँकेतून फोन करून विचारायचो, "कूलर चालू आहे ना?" त्या म्हणायच्या, "हो बापू, चालू हाय." आम्ही फोनमधून कूलरचा आवाज ऐकू येतो का तेही पाहत असू. त्या वर्षापासून घराचा हिशोब चुकला नाही आणि बिलही वाढले नाही. आपल्याही घरी हा आवाज दुपारी बंद पडू देऊ नका, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!