यादी वाचू या, बायांनो



बचत गटाच्या बैठकीत आपण हिशेब मोठ्यानं वाचतो. कुणी किती भरले, कुणाला किती कर्ज दिलं, सगळं सगळ्यांसमोर. त्याचा कुणाला राग येत नाही, कारण पैसा सगळ्यांचा असतो. शेतीच्या सरकारी अनुदानाचंही तसंच आहे. दुकानातून साध्या साबणाची वडी आणली तरी आपण कर भरतो. मग तो पैसा कुणाला मिळाला, हे विचारायचा हक्कही आपलाच.

आज पीएम किसान सन्मान निधीचं उदाहरण घेऊ. ही योजना २०१९ साली सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, थेट खात्यावर येतात. २०२३ साली आपल्या राज्यानं 'नमो शेतकरी' योजनेतून त्यात आणखी ६,००० रुपयांची भर घातली. नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं मिळून एक कुटुंब, आणि कुटुंबाला एकच लाभ. आयकर भरणाऱ्याला हा पैसा नाही. चतुर्थ श्रेणी सोडून इतर सरकारी नोकरांनाही नाही.

पण नियम कागदावर असून भागत नाही. माहितीच्या अधिकारात कुणीतरी विचारलं, तेव्हा केंद्र सरकारनंच सांगितलं, की जुलै २०२० पर्यंत २० लाखांहून जास्त अपात्र लोकांना या योजनेचे १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यात निम्म्याहून जास्त आयकर भरणारे होते. विचारलं म्हणून हे कळलं.

या योजनेची गाववार यादी सरकारी संकेतस्थळावर आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की नावं दिसतात. गटातल्या एखाद्या मुलीच्या मोबाइलवर ती उघडा आणि वाचा.

वाचताना दोन गोष्टी बघा. यादीत कोण आहे, आणि कोण नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शेतात राबणाऱ्या बाया गावभर, पण यादीत बायकांची नावं किती? सातबाऱ्यावर नाव नसेल तर यादीत येणार कुठून? नवरा वारला आणि वारस नोंद राहून गेली, तर त्या बाईला हप्ता मिळत नाही. अशी कुणी दिसली, तर तिला घेऊन तलाठ्याकडे जा. आधी वारस नोंद, मग अर्ज.

आता ठिबक, अवजारं, ट्रॅक्टर यांचं अनुदान. माहिती अधिकार कायदा २००५ सालचा. त्याचं कलम ४ सांगतं, की अनुदानाचे लाभार्थी आणि रक्कम कार्यालयानं आपणहून जाहीर करायची. केली नसेल, तर तालुका कृषी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. साध्या कागदावर लिहा: 'गेल्या तीन वर्षांत आमच्या गावात ठिबकसाठी कुणाला किती अनुदान दिलं, ती यादी मिळावी.' वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही माफ. पोच घ्या. उत्तर तीस दिवसांत यायला हवं.

यादी हाती आली, की महिला ग्रामसभेत वाचा. मोठ्या ग्रामसभेच्या आधी ती घ्यावीच लागते, मग तिचा उपयोग करू या.

एक सांभाळा. यादी वाचणं म्हणजे कुणाला चोर ठरवणं नव्हे. नावात घोळ असतो, एका नावाची दोन माणसंही असतात. आणि नाव व रक्कम उघड असावी, पण कुणाचा आधार नंबर किंवा खातं नंबर चारचौघांत वाचू नका. तो तिचा खासगी मामला.

कुणी म्हणेल, 'तुम्हाला काय करायच्यात या चौकशा?' तेव्हा एकटीनं उत्तर देत बसू नका, गट मिळून जा. एकीनं विचारलं तर भांडखोर म्हणतात, वीसजणींनी विचारलं तर यादी काढून देतात.

तर या महिन्याच्या बैठकीत आपल्या हिशेबानंतर गावाची यादीही वाचा.