पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य
(हीरक महोत्सवी स्नेहमेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



गेल्या हिवाळ्यात मी चंडीगढच्या सेक्टर ३० मध्ये गेले होते. केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना तेथे आहे. १९५९ साली दिल्लीत स्थापन झालेली ही संस्था १९६२ मध्ये चंडीगढला आली. आपला एक माजी विद्यार्थी तेथे काम करतो. त्याची कन्या परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस परीक्षेला बसली होती आणि संभाषणाच्या चाचणीत अर्ध्या बँडने मागे राहिली होती. "बाई, इंग्रजी तर उत्तम आहे तिचं. मग अडतं कुठे?" त्याने विचारले.

मी तिला बोलायला सांगितले. या चाचणीच्या दुसऱ्या भागात एक कार्ड देतात. तयारीला एक मिनिट, बोलायला फार तर दोन. विषय होता आवडते ठिकाण. मुलीने नियोजित शहरापासून आरंभ केला, मग ल कॉर्ब्युझिए, मग सुखना तलाव. अर्धे मिनिट सरले तरी तिचे ठिकाण काही येईना. शेवटी "दॅट्स ऑल, थँक यू" म्हणून तिने मान लववली.

मला हसू आले आणि लगोलग मी ओशाळले. ही तर आपलीच वक्तृत्व स्पर्धा! 'सन्माननीय व्यासपीठ' येथून 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते' येथपर्यंत. तिला हे वडिलांनी शिकवले होते आणि वडिलांना मी. तो सातवीत असताना त्याला पहिले पारितोषिक मिळाले, ते भाषण मीच लिहून दिले होते, हे आज कबूल करते.

परीक्षक ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार पाहतात. मराठी वळणाचा उच्चार चालतो. बोललेले समजले पाहिजे. प्रस्तावनेला वेगळे गुण नाहीत, आणि घोकलेले उत्तर अनुभवी कानाला तत्काळ कळते. म्हणून पहिल्याच वाक्यात विचारलेल्याचे उत्तर यावे. तिसऱ्या भागातील चर्चेतही आधी मत, मग कारण. शेवटाची सोय बहुधा कार्डावरच असते: अखेरची ओळ 'का' असे विचारते. तो 'का' सांगून झाला की थांबावे. दोन मिनिटे उलटल्यावर परीक्षकांनीच थांबवले, तर त्यात काही बिघडत नाही.

मी तिला विचारले, "खरंच काय आवडतं तुला?" ती म्हणाली, रॉक गार्डनमधल्या बांगड्यांच्या तुकड्यांच्या बाहुल्या. नेक चंद यांनी टाकाऊ वस्तूंतून उभारलेली ती बाग. तिने पुन्हा इंग्रजीतून आरंभ केला, तो थेट या बाहुल्यांपासून. मध्ये दोनदा अडखळली. व्याकरणही एकदा घसरले. शेवटी तिने 'का' सांगितला: आजी बांगडी फुटली असे कधी म्हणत नाही, वाढली म्हणते, आणि येथे त्या खरोखरच वाढल्या आहेत. एवढे बोलून ती थांबली. आभार मानले नाहीत. वडिलांनी मात्र सवयीने टाळ्या वाजवल्या.

यंदापासून आपल्या वक्तृत्व स्पर्धेत एक फेरी आयत्या वेळच्या विषयाची असेल. विषय एक मिनिट आधी मिळेल. इतर फेऱ्यांसाठीही पालकांनी भाषणे लिहून देऊ नयेत, ही विनंती. मीही देणार नाही.