चेहरे टिकवणारा कागद



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे. मी सातवीत शाळा सुटलेला युनियनचा कार्यकर्ता. पण कागदाचा एक धडा मी पैसे मोजून शिकलो, तो आपल्यापुढे मांडतो.

1982 च्या गिरणी संपातील मोर्चाचे एक छायाचित्र आमच्या कचेरीतल्या पेटीत आहे. त्यात माझे वडील आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही त्याची मोठी इंकजेट प्रत काढून खिडकीसमोर लावली. चकचकीत, पांढरीशुभ्र! चार वर्षांत चेहरे फिके पडले, कागद पिवळटला. पेटीतली मूळ प्रत मात्र अजून स्पष्ट आहे. दोष आमचाच. आम्ही भाव विचारला, कागद विचारला नाही.

आता मी चार गोष्टी विचारतो. पहिली, कागद कशाचा? लाकडाच्या लगद्यात लिग्निन राहिले, तर कागद पिवळा पडतो. ते काढून शुद्ध केलेला अल्फा सेल्युलोज कागद चांगला. शंभर टक्के कापसाचा त्याहून बरा. हानेम्यूले या जर्मन कारखान्याचा 308 ग्रॅमचा फोटो रॅग कापसाचाच आहे. ज्या कापसावर आमच्या चुली पेटल्या, त्यावरच आमचे चेहरे टिकावेत, याचे मला समाधान वाटते.

दुसरी, कागद आम्लरहित आहे काय? त्यात कॅल्शियम कार्बोनेट घातलेले असले, तर पुढे शिरणारे आम्लही ते मारते.

तिसरी, शुभ्रता खरी की उसनी? उजळपणासाठी घातलेली रसायने अतिनील किरण घेऊन निळसर प्रकाश टाकतात. कालांतराने ती थकली, की मूळचा पिवळेपणा उघडा पडतो. कापसाच्या कागदातही ती असू शकतात. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कागद निळा चमकला, तर शुभ्रता उसनी समजावी.

चौथी, शाई कोणती? पिगमेंट शाई डाय शाईपेक्षा सहसा पुष्कळ अधिक टिकते. कागद उत्तम आणि शाई हलकी, म्हणजे वीट पक्की आणि चुना भेसळीचा!

कोणी म्हणेल, गरिबाला हे परवडावे कसे? प्रश्न रास्त आहे. शंभर फोटो असे काढू नका. ज्यांच्यावाचून घराचा इतिहास अपुरा राहील, असे पाचच काढा. धनिकांची तैलचित्रे असतात; कामगार होऊन गेला याला पुष्कळदा एवढाच पुरावा उरतो.

आमची नवी प्रत आता काचेआड, उन्हापासून दूर आहे. तिच्यात सतरा जण स्पष्ट दिसतात. अकरांची नावे मिळाली. उरलेल्या सहांना ओळखणारे कोणी या सभेत असतील, तर त्यांनी सभा संपल्यावर मला अवश्य भेटावे.