तुमचा फोन कुठे वळतो?



गटाच्या अध्यक्ष आणि सचिवांनी आज जरा नीट कान देऊन ऐका. गटाचे बँक खाते ज्या मोबाइलला जोडलेले असते, तो बहुधा तुमचाच असतो.

आपल्या तळेऱ्यात महामार्गावरून गगनबावड्याचा रस्ता फुटतो. कोणी पाटी फिरवून ठेवली, तर कणकवलीला निघालेला माणूस घाट चढू लागेल. फोनचेही तसेच. आपल्याला येणारा फोन दुसऱ्या नंबरवर वळवता येतो. त्याला कॉल फॉरवर्डिंग म्हणतात. सोय चांगली, पण भामटे तिचाच फायदा घेतात. "ताई, तुमचे पार्सल अडकले आहे, मी सांगतो तो नंबर लावा," असे सांगतात. त्या नंबराची सुरुवात स्टार, २, १, स्टार अशी असते आणि पुढे भामट्याचा मोबाइल नंबर. तो लावला की आपले फोन त्याच्याकडे जातात. फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपीही त्यालाच ऐकू येतो. मग आपले व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या हाती जाते आणि गटातल्या बायांकडे आपल्या नावाने पैसे मागितले जातात.

म्हणून आजच तपासा. स्टार, हॅश, २, १, हॅश लावा. फोन वळवला आहे का ते कळते. वळवलेला असेल तर हॅश, हॅश, ०, ०, २, हॅश लावा. सगळे वळवणे बंद होते.

आता दुसरी गोष्ट, विश्वासाची माणसे. मुंबईतला मुलगा, आशाताई, शेजारीण, बँकसखी यांचे नंबर नावाने साठवा आणि नावापुढच्या चांदणीवर बोट लावा. स्मार्टफोनच्या 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये फक्त चांदणीवाल्यांचेच फोन वाजतील असे ठरवता येते. घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रात्रीसाठी हे उपयोगी आहे. दिवसा मात्र ते बंद ठेवा, नाहीतर दवाखान्याचा किंवा काजू घेणाऱ्याचा फोन चुकेल.

बँकांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत. तरी ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, ओळखीच्या नावाने फोन आला तरीही.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा, मग बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटे काढा आणि प्रत्येकीचा फोन तपासा. जिला जमत नाही, तिला शेजारी बसलेलीने दाखवावे.