विरजणासारखं हसू

पारोमिता व्होरा यांचे माहितीपट हसवतात, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. हसू तिथं काय काम करतं, हे मात्र निसटतं. कडू काढ्यावर साखर भुरभुरावी तसा हा विनोद नाही. तो विरजणासारखा आहे. चमचाभर विरजण दुधात मिसळलं की पुन्हा वेगळं काढता येत नाही. सगळं दूधच बदलतं. (आनंदावर पडतं ते विरजण निराळं. हे रात्री झाकून ठेवायचं.)

या मुंबईकर दिग्दर्शिकेचा ‘अन्नपूर्णा’ १९९५चा. तो गिरणगावातल्या खानावळवाल्यांचा आणि प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाचा.

२००२च्या ‘अनलिमिटेड गर्ल्स’मध्ये ‘फिअरलेस’ असं टोपणनाव घेतलेली मुलगी इंटरनेटवरच्या चॅटरूममध्ये शिरते आणि स्त्रीवाद म्हणजे काय, असं विचारत सुटते. कार्यकर्त्या, पोलीस, टॅक्सी चालवणारी, पौरोहित्य करणारी, सगळ्यांना तोच भाबडा प्रश्न. प्रश्न भाबडा, म्हणून उत्तरंही पवित्रा सोडून येतात.

२००६चा ‘क्यू टू पी’. नाव मोठ्यानं वाचलं की इंग्रजीत ‘लघवीसाठी रांग’ ऐकू येतं. मुंबईचं शांघाय करायचं स्वप्न एकीकडे आणि त्या शहरात बाईनं जायचं कुठं, हा प्रश्न दुसरीकडे. यातलं हसू काढून पाहावं: उरतो महापालिकेचा अहवाल, तोही कुणी न वाचलेला. म्हणून पुन्हा तेच, साखर नव्हे, विरजण. मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली ती पुढं, २०११मध्ये.

मेरठच्या बागेत पोलिसांनी जोडप्यांना मारहाण केली, तेव्हा वाहिन्यांचे कॅमेरे हजर होते. ‘मोरॅलिटी टीव्ही अँड द लव्हिंग जिहाद’ (२००७) त्या प्रकाराकडे सनसनाटी हिंदी मासिकांच्या थाटात पाहतो. हसायचं मार खाणाऱ्यांना नाही, बातमीच्या नाटकाला. हा फरक चुकला की दही नासतं.

सबिहा सुमार यांच्या ‘खामोश पानी’ या चित्रपटाची पटकथाही व्होरांची. त्याला २००३मध्ये लोकार्नो चित्रपट महोत्सवाचा ‘सुवर्ण बिबट्या’ हा पुरस्कार मिळाला. फाळणीच्या त्या कथेत असं हसू का नाही, हा वेगळा विषय.

२०१५पासून ‘एजंट्स ऑफ इश्क’ हा त्यांचा उपक्रम प्रेम आणि लैंगिकतेबद्दल मोकळेपणानं बोलतो. संमती म्हणजे काय, हे सांगायला त्यांनी व्याख्यान ठेवलं नाही. लावणी बसवली.