मोटारींतील तारांचे सांधे व ते दाबण्याचीं हत्यारें



मोटारगाडीविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे एंजिन, ब्रेक, टायर, फार तर पेट्रोलचा खर्च, एवढ्यांविषयींच बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. गाडींतील तारांच्या सांध्यांची कोणी वास्तपुस्त करीत नाहीं. ते बिचारे डॅशबोर्डाच्या पाठीमागें, गालिच्याखालीं आणि काळ्या टेपेच्या वेष्टनांत दडून बसलेले असतात. परंतु पावसाळी रात्रीं कुटुंबासह घाट उतरत असतां पुढील दोन्ही दिवे एकाएकीं मालवले, अथवा उभ्या गाडींतून जळक्या रबराचा वास येऊं लागला, म्हणजे तपासाअंतीं जो गुन्हेगार सांपडतो तो पुष्कळदां बोटाच्या पेराएवढा एक सांधाच असतो. तो सांधा कसा असावा आणि तो करण्यास कोणतें हत्यार योग्य, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

सांध्याचें महत्त्व कळण्यासाठीं थोडा हिशेब करूं. भिऊं नका; तो शाळेंतील ओहमच्या नियमापलीकडे जाणार नाहीं. आपल्या बहुतेक मोटारींची विद्युत्-यंत्रणा १२ व्होल्टची असते. ६० वॅटच्या हॅलोजन दिव्यास त्या दाबानें ५ अँपिअर प्रवाह लागतो. घरांत तेवढ्याच वॅटच्या दिव्यास पाव अँपिअरहून थोडासा अधिक प्रवाह पुरतो, कारण तेथें दाब २३० व्होल्टचा असतो. म्हणजे मोटारींत दाब अल्प आणि प्रवाह मोठा, असा प्रकार आहे. आणि सांध्याचा दोष प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत छळतो. दिव्याच्या तारेंतील सांधा सैल पडून त्यांत ०.२ ओहम इतकाच विरोध उत्पन्न झाला असें धरा. लगेच १ व्होल्ट दाब वाटेंतच खर्ची पडतो, आणि ५ वॅट उष्णता त्या वाटाण्याएवढ्या जागेंत सांठूं लागते. हॅलोजन दिव्याचा प्रकाश दाबाहून पुष्कळ जलद घटत असल्यामुळें, एका व्होल्टच्या तुटीपायीं सुमारें चतुर्थांश उजेड नाहींसा होतो. आपण म्हणतों, दिवे जुने झाले. वस्तुतः सांधा जुना झालेला असतो. स्टार्टरच्या जाड तारेंतून २०० अँपिअर प्रवाह जात असतां सांध्यांत ओहमचा हजारावा हिस्सा विरोध असला तरी तेथें ४० वॅट उष्णता निर्माण होते. उष्णतेनें तांबें काळवंडतें, काळवंडल्यानें विरोध वाढतो, आणि विरोध वाढल्यानें उष्णता वाढते. हें दुष्टचक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे त्याचा शेवट वितळलेल्या वेष्टनांत, आणि प्रसंगीं आगींत होतो.

असा सांधा कसा करावा? रस्त्याच्या कडेला नवा भोंगा किंवा धुक्याचे दिवे बसवून देणारा कारागीर तारांचीं दोन टोकें सोलतो, त्यांना पीळ देतो आणि वरून टेप गुंडाळतो. हा सांधा पहिल्या दिवशीं उत्तम चालतो, यांतच त्याचा धोका आहे. गाडी हें घर नव्हे. तिचें अंग अहोरात्र थरथरत असतें. एंजिनाची उष्णता, कोंकणांतील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढें टेपेचा डिंक सुटतो, पीळ सैल होतो आणि तांब्यावर हिरवट गंज चढतो.

दुसरा मार्ग कथिलाच्या डाखाचा. रेडिओच्या पेटींत डाख अत्यंत उपयुक्त आहे, म्हणून तो येथेंही श्रेष्ठ असावा असा पुष्कळांचा समज असतो. परंतु पातळ झालेलें कथील तारेच्या धाग्यांमधून वर चढत जातें आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. जेथें ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो, नेमकी तेथेंच कंपनानें तार तुटते. आधीं तारेला कथिलाचा हात देऊन मग ती दाबणें हें तर त्याहूनही वाईट. कारण कथील मऊ असल्यामुळें दाबाखालीं हळूहळू सरकतें आणि आज घट्ट वाटणारा सांधा कांहीं काळानें ढिला पडतो.

तिसरा मार्ग क्रिंपिंगचा, म्हणजे धातूची नळी तारेवर जोरानें दाबून बसविण्याचा. १९४१ सालीं अमेरिकेंत व्हिटेकर या अभियंत्यानें ॲम्प या नांवानें पुढें प्रसिद्धीस आलेली कंपनी काढली, ती विमानें व जहाजें यांसाठीं असे बिनडाखाचे सांधे पुरविण्याकरितांच. महायुद्धाच्या त्या काळांत हजारों सांधे जलद, एकसारखे आणि विस्तवावांचून करावयाचे होते. आज मोटारींच्या कारखान्यांतील तारांचे जुडगे बहुतांशीं याच रीतीनें जोडले जातात.

या दाबण्यांत नेमकें काय घडतें? दाब पुरेसा असला म्हणजे तारेचे गोल धागे चेपून एकमेकांस भिडतात आणि त्यांमधील पोकळी नाहींशी होते. धातूवरील गंजाचा पातळ पापुद्रा फुटून ताजें तांबें ताज्या धातूला चिकटून बसतें, आणि त्या मीलनाच्या जागीं हवेलाही शिरकाव उरत नाहीं. म्हणूनच चांगला सांधा वर्षानुवर्षें आंतून गंजत नाहीं. परंतु दाब कमी पडला तर पोकळी राहते. अधिक झाला तर धागे चिरडून बारीक होतात आणि तार तेथेंच कमकुवत होते. म्हणजे येथें प्रश्न बळाचा नसून मापाचा आहे. आणि माप हातांत नसतें, हत्यारांत असतें. साध्या पक्कडीनें दाबलेली नळी नुसती चपटी होते, तिच्या दोन्ही बाजू मोकळ्या राहतात, याचें कारण हेंच.

आतां हत्याराच्या निवडीकडे वळूं. पहिला नियम असा कीं, आधीं टर्मिनल पाहावें आणि मग हत्यार निवडावें. बाजारांत आपणांस मुख्यतः तीन जाती आढळतील.

पहिली जात रंगीत प्लास्टिकच्या टोपणाची. रंग शोभेसाठीं नसून मापासाठीं असतो. लाल टोपण ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटर तारेसाठीं, निळें १.५ ते २.५ साठीं आणि पिवळें ४ ते ६ साठीं. बारीक तार पिवळ्या टोपणांत दुमडून कोंबणें म्हणजे मोठ्या पायताणांत कापूस भरून चालण्यासारखें आहे. या जातीस लंबवर्तुळाकार खाचांचा जबडा लागतो. खाचांवर त्याच तीन रंगांचे ठिपके असतात. टोंचा मारणारा जबडा येथें वापरूं नये, कारण तो प्लास्टिक फोडतो.

दुसरी जात उघड्या पाकळ्यांची. कारखान्यांतून येणाऱ्या कनेक्टरांत बहुधा हीच असते. हिला पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तांब्याला कवटाळते आणि विद्युत् वाहते. मागची जोडी वेष्टनाला धरून ठेवते आणि धक्के सोसते. येथें जबड्याला दोन कमानी असाव्या लागतात, म्हणजे पाकळ्या आंत वळून धाग्यांमध्यें शिरतात आणि सांध्याचा छेद इंग्रजी 'बी' अक्षरासारखा दिसतो. पावसापाण्यापासून रक्षण करणाऱ्या कनेक्टरांत तारेवर रबराची बारीक कडी असते. तिच्यासाठीं मागचा जबडा गोलाकार हवा, नाहीं तर पाकळीची धार रबर कापते आणि पाणी आंत जावयास वाट मिळते.

तिसरी जात बॅटरी व स्टार्टर यांच्या जाड तारांची. यांस आपले कारागीर थिंबल म्हणतात. यासाठीं षट्‌कोनी जबड्याचें, लांब दांड्याचें अथवा तेलाच्या दाबावर चालणारें हत्यार लागतें. हातोडी आणि छिन्नी यांनीं ठोकलेलें थिंबल बाहेरून घट्ट दिसतें, परंतु आंत पोकळच राहतें.

या तिन्ही जातींच्या हत्यारांत एक गुण अवश्य पाहावा. तो म्हणजे रॅचेट, अर्थात् दातेरी अडसर. दाबण्याची क्रिया पुरी होईपर्यंत असें हत्यार उघडतच नाहीं. सकाळचा ताजा हात असो कीं संध्याकाळचा थकलेला, सांधा एकसारखाच होतो. सोलणें, कापणें आणि दाबणें हीं तिन्ही कामें एकाच पत्र्याच्या पकडीनें करण्याचें जें स्वस्त हत्यार सर्वत्र मिळतें, त्यांत हा गुण नसतो. घरीं ठेवावयाचें झाल्यास बदलतां येणाऱ्या जबड्यांचें एक रॅचेटचें हत्यार घ्यावें. मूठ एकच, जबडे कामाप्रमाणें. टर्मिनल बनविणारे उत्पादक कोणता जबडा वापरावा आणि दाबल्यानंतर सांध्याची उंची किती भरावी, हें शतांश मिलिमीटरच्या हिशेबानें सांगतात. तें वाचण्याचा आळस करूं नये.

हत्यार उत्तम असूनही सांधा बिघडतो, तो तार सोलतांना. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तारेंत बहुधा ०.२ मिलिमीटर जाडीचे २४ धागे असतात. ब्लेडनें सोलतांना त्यांपैकीं तीन तुटले तरी तारेचा अष्टमांश गेला. म्हणून तार सोलण्याचें हत्यारही मापाचें असावें.

आतां परीक्षा. दाबलेल्या नळीच्या पुढें धाग्यांचीं टोकें किंचित् डोकावलेलीं दिसावींत. एकही धागा बाहेर निसटलेला नसावा. दोन्ही पाकळ्यांच्या जोड्यांमधील खिडकींत थोडें तांबें आणि थोडें वेष्टन, दोन्हीं दिसावींत. नंतर तार ओढून पाहावी. १.५ चौरस मिलिमीटर तारेच्या चांगल्या सांध्यानें सुमारें १५ किलो वजनाइतका ताण सहन करावा. मात्र एवढा ताण नमुन्याच्या सांध्यावर द्यावा. गाडींत बसवावयाच्या सांध्याला हातानें एक ठाम हिसका पुरे.

येथें एक सूचना कळकळीनें करावीशी वाटते. अपघातसमयीं फुगणाऱ्या एअरबॅगच्या तारांना आणि कनेक्टरांना बहुधा पिवळा रंग असतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींतील उच्च दाबाच्या तारा नारिंगी असतात. या दोन रंगांच्या तारांना घरच्या हत्याराचा स्पर्शही होऊं देऊं नये. तें काम शिक्षण घेतलेल्या माणसाचें आहे.

आपणांपैकीं बहुतेकजण स्वतः हत्यार हातीं धरणार नाहींत, हें मी जाणतों. तरी गाडींत नवें कांहीं बसवून घेतांना कारागिराला तीन गोष्टी विचारणें आपल्या हातीं आहे: सांधा पीळ देऊन करणार कीं टर्मिनल दाबून? हत्यार रॅचेटचें आहे काय? आणि नव्या तारेला तिच्या मापाचा फ्यूज बसविणार ना? हे प्रश्न अविश्वासाचे समजूं नयेत. आपल्याकडील कारागिराच्या बोटांत कौशल्याची वाण नाहीं. पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत हींच बोटें निर्दोष सांधे करतात. उणीव असते ती योग्य हत्याराची, आणि त्याहूनही त्या हत्याराचें मोल देण्यास तयार असणाऱ्या गिऱ्हाइकाची. दहा मिनिटें अधिक लागतील, चार पैसे अधिक पडतील, असें कारागीर म्हणाला तर त्याच्याशीं घासाघीस करूं नका. तीं दहा मिनिटें आणि ते चार पैसे आपल्या मुलाबाळांच्या रात्रीच्या प्रवासासाठीं खर्चिले जात असतात.