लिहिता कधी?

आज बचतीचं काही सांगणार नाही, कर्जाचं मात्र शेवटी थोडं येईल.

मागच्या महिन्यात बैठक संपल्यावर एका ताईंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, तुम्ही गोष्टींचं पुस्तक काढलं म्हणं. दोन पोरं, सासू, एवढ्या गटांचं काम. लिहिता कधी?" मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर लांब आहे, आणि त्यातलं काही सांगायची लाज वाटते. पण इथे माईकसमोर कुणाचं तोंड दिसत नाही, म्हणून सांगते.

बी.ए.ला माझं मराठी होतं. तेव्हा दोन-तीन कथा लिहिल्या होत्या. मग लग्न, मग लेक, चार वर्षांनी मुलगा. त्या सगळ्या वर्षांत किराणा मालाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही. गटांचं काम लागलं आणि बैठकीचा ठराव लिहिता लिहिता हात पुन्हा वळायला लागला. बाया हप्त्याबरोबर जे बोलतात ते ठरावात बसत नाही. ते माझ्या डोक्यात फिरत राहायचं. सगळी निजली की मी स्वयंपाकघरात बसून जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर गोष्ट लिहायची आणि ते रजिस्टर ज्वारीच्या कोठीमागे ठेवायची. कुणी जागं झालं, विचारलं, तर म्हणायचं, "हिशोब लिहितेय."

तुम्ही म्हणाल, यात लपवण्यासारखं काय? मलाही नीट सांगता येणार नाही. कुणी मारणार नव्हतं. पण कामाशिवाय बसलेली बाई घरात खपत नाही, आणि खोट्या माणसांच्या खोट्या गोष्टी लिहिणं हे काम आहे असं मलाच वाटत नव्हतं.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्या छोटंसं किराणा दुकान चालवायच्या. पुडी बांधायला आलेली रद्दी वाचायच्या आणि गिऱ्हाईक नसताना लिहायच्या. लिहिलेलं त्यांनी कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. ते 'स्त्री' मासिकात छापून यायला १९८२ साल उजाडलं आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. ती त्यांची खरी जीवनकहाणी, माझ्यासारखी कल्पनेची गोष्ट नव्हे. त्यांना लपवण्यावाचून इलाज नव्हता. त्यांचं वाचल्यावर मला माझ्या कोठीमागच्या रजिस्टरचं जरा हसूच आलं. तरी मी ते बाहेर काढलं नाही.

बाहेर काढलं ते लेकीमुळे. ती तिसरीत होती. शाळेत 'माझी आई' हा निबंध होता. तिने लिहिलं होतं, "माझी आई हिशोब लिहिते. ती रात्री पण हिशोब लिहिते. तिला हाक मारली की ती थांब म्हणते." पुढे आई भाकरी छान करते वगैरे होतं. बाईंनी 'छान' असा शेरा दिला होता. मी ती वही हातात घेऊन किती वेळ बसले, मला आठवत नाही. मी लेकीला वेळ देत नव्हते, आणि ज्यासाठी देत नव्हते तेही तिला खोटं सांगितलं होतं.

त्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. आमच्या यांनी विचारलं, "पैसे मिळतात का?" म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग झोप तरी पुरी घे." आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, काही बोलल्या नाहीत.

मग वेळेची ओढाताण. पहाटे उठून पाहिलं. नळाला पाणी त्याच वेळी येतं, त्यामुळे आठवडाभरात तो नाद सोडला. शेवटी गुरुवार आणि रविवार, दुपारी तीन ते पाच, असं ठरलं. तेवढा वेळ आत्या धाकट्याला घेऊन पारावर जातात. त्या बदल्यात लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं. माझ्या गोष्टीतली बाई एका हाताने विहिरीचं पाणी शेंदत होती, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझ्या बापानं तरी शेंदलं होतं का असं?" ते वाक्य बदललं. लेक शेजारी चित्रं काढत बसते. दर दहा मिनिटांनी काहीतरी विचारतेच. कधी मी चिडते. पेरणीच्या आणि आजारपणाच्या दिवसांत महिना-महिना एक ओळ होत नाही. सगळं जमतं असं कुणी सांगितलं तर मला खरं वाटत नाही.

तर पुस्तक. आठ गोष्टी, ऐंशी पानं, म्हणजे पाच फर्मे, दोनशे प्रती. प्रकाशकाकडे न जाता तालुक्याला स्वतःच छापून घेतलं. खर्च १५,००० रुपये. पुस्तकावर जो आयएसबीएन क्रमांक असतो तो केंद्र सरकारकडून फुकट मिळतो. मला त्याचेही पैसे सांगितले होते, चौकशी केली म्हणून वाचले. आणि गोष्ट लिहिली की तिचा हक्क आपलाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी एवढं ध्यानात ठेवा.

पाच हजार साठवलेले होते. दहा हजारांसाठी मी सभासद असलेल्या गटात अर्ज दिला. अध्यक्ष म्हणाल्या, "शेळी घेतली तर वेत देते. पुस्तक काय देणार?" मला उत्तर सुचलं नाही. अर्धा तास चर्चा झाली. मी बाहेर बसले होते. शेकडा दोन रुपयांनी, दहा हप्त्यांत कर्ज मंजूर झालं, जसं शेळीला होतं तसंच.

किंमत १२० ठेवली. आजवर नव्वद प्रती गेल्या. ज्या गटांचं काम मी बघते तिथे विकत नाही. हप्ता भरायला आलेल्या बाईला मॅडमचं पुस्तक नको कसं म्हणता येईल? ज्यांना हवं त्यांनी गटाच्या पेटीतली प्रत घरी न्या, वाचा, परत आणा. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या.

माझे अजून चार हप्ते राहिलेत. उरलेल्या प्रती कोठीमागेच आहेत, उंदरांपासून जपून ठेवल्यात.